नळाच्या वरचं रान

फेब्रुवारी सरत आला की रात्रीच्या कर्जत लोकलनं बदलापूर सोडल्यावर उजव्या हाताच्या खिडकीत एक लाल रेघ दिसू लागते. चंदेरी-मलंगगडाच्या सोंडांवरून ती नागमोडी सरकत असते, मधेच तुटते, पुन्हा जुळते. डब्यात जागे असलेले दोनचार जण मोबाइल बाहेर काढतात. कुणी म्हणतं, काय भारी दिसतंय. एखादा जाणता सांगतो, वणवा आहे, दरवर्षी लागतो. वांगणी येईपर्यंत रेघ मागे पडलेली असते आणि मोबाइल खिशात गेलेला असतो.

याच पट्ट्यात, बदलापूर आणि वांगणीच्या मधे, २७ जुलै २०१९ च्या सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी होती. उल्हास नदी रुळांवर चढली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं. वणवा लागला म्हणून तो पूर आला असं मी म्हणणार नाही. त्या रात्रीचा पाऊस कुठलंही जंगल पोटात घेऊ शकलं नसतं. पण मार्चमधली लाल रेघ, जुलैमधलं लाल पाणी आणि मे महिन्यात सोसायटीच्या फलकावर लागणारी ‘उद्या पाणी येणार नाही’ ही चिठ्ठी या तिन्ही गोष्टी एकाच डोंगरउतारावरून खाली येतात. आपण मात्र त्या तीन वेगवेगळ्या खात्यांच्या बातम्या म्हणून वाचतो: वनखातं, रेल्वे, पाणीपुरवठा.

हा संग्रह या तीन बातम्या एका पानावर आणण्याचा प्रयत्न करतो. प्रस्तावना लिहा असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नकार दिला होता. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही आणि जलअभियंताही नाही. डोंबिवलीत वाढलेला, पहाटे साडेतीनला उठून पिंपं भरलेला, आणि पुढे सुट्टीच्या दिवशी डोंगर हिंडण्याचा नाद लागलेला माणूस, एवढीच माझी पात्रता. पण पिंप भरणारा आणि डोंगर हिंडणारा हे दोघं एकमेकांना ओळखत नव्हते हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि बहुधा तेवढ्यावरच मला हे काम मिळालं.

आधी एक साधा प्रश्न. आपलं पाणी येतं कुठून? ठाणेकराला विचारा, उत्तर येईल ‘महापालिकेकडून’. डोंबिवलीकर म्हणेल ‘बारवी’. दोघंही अर्धं खरं बोलतात.

ठाणे महापालिका शहराला रोज साधारण ५८५ दशलक्ष लिटर पाणी देते. त्यातलं २५० दशलक्ष लिटर तिच्या स्वतःच्या योजनेचं, म्हणजे भातसा नदीवरच्या पिसे इथून उचललेलं. ११५ स्टेमकडून येतं. स्टेम म्हणजे शहाड-टेमघर, उल्हासचं पाणी शहाडला उचलून टेमघरला शुद्ध करणारी यंत्रणा. कळवा, मुंब्रा, दिवा या बाजूला औद्योगिक विकास महामंडळाचं १३५ पोहोचतं आणि उरलेलं ८५ मुंबई महापालिका देते. कल्याण-डोंबिवलीची मदार प्रामुख्यानं उल्हासवर, मोहिली आणि बारावे इथल्या केंद्रांवर, आणि टिटवाळ्याकडे थोडी काळूवर. म्हणजे नकाशा नीट उलगडला तर उल्हास, काळू आणि भातसा या तीन नद्या आणि त्यांच्या डोक्यावरचा सह्याद्रीचा कडा, राजमाचीपासून माळशेजवरून थळ घाटापर्यंतचा, हीच आपली खरी पाण्याची टाकी आहे.

उल्हास राजमाचीच्या खोऱ्यात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत १२२ किलोमीटरनंतर वसईच्या खाडीत संपते. उन्हाळ्यात ती वाहते ती दोन धरणांच्या जिवावर. एक बारवी, १९७२ सालचं, औद्योगिक महामंडळानं बांधलेलं. त्याची उंची टप्प्याटप्प्यानं वाढत गेली आणि २०१९ पासून ते नव्या उंचीपर्यंत भरू लागलं, आता त्यात सुमारे ३३९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. दुसरं धरण मला जास्त आवडतं, कारण त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. घाटावर मावळात आंद्रा नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांनी ठोकरवाडीला ही नदी अडवली आणि १९२२ पासून तिचं पाणी बोगद्या-नळांतून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. वीज करून झाल्यावर ते पेज नदीतून उल्हासला येतं. पेजच्या काठी शेतकरी उन्हाळी भात काढतो तो याच पाण्यावर. तर मे महिन्यात आपण डोंबिवलीत जे पाणी पितो, त्यातला एक हिस्सा सह्याद्रीच्या पलीकडे, देहू-आळंदीच्या दिशेनं निघालेल्या पावसाचा असतो. वाटेत त्याला वळवून आपल्याकडे आणलं. वारकऱ्यांचं थोडं देणं आपल्याकडे निघतं, असं मी घरी गमतीनं म्हणतो.

आता रानाकडे.

या डोंगरांवरचं मूळ जंगल पानझडीचं आणि निमसदाहरित. ऐन, किंजळ, साग, हेद, कळंब, धावडा, बोंडारा, ओढ्याकाठी जांभूळ, करंज आणि उंबर, उतारावर कारवी. वैशाखात हे रान उघडंबोडकं दिसतं आणि शहरातून आलेल्याला ते मेलेलं वाटतं. पण त्याच्या पायाशी घोट्याएवढा पातेरा साचलेला असतो. जूनच्या पहिल्या सरी या पातेऱ्यावर पडतात. थेंबाचा मार माती खात नाही, पातेरा खातो. खाली वाळवीनं आणि किड्यामुंग्यांनी पोखरलेली, मुळांनी सैल केलेली माती असते, तिच्यातून पाणी खाली उतरतं. आपल्याकडे खडक काळा, बेसॉल्टचा. स्वतः तो फारसं पाणी धरत नाही. पाणी धरतो तो वरचा मातीचा थर, मुरूम आणि खडकातल्या फटी. माती गेली की उरतं कातळावरून धावणारं पाणी. ते दुपारी पडतं आणि संध्याकाळी कल्याणच्या खाडीत असतं.

इथे मला एक गैरसमज आधीच खोडून टाकायचा आहे, कारण त्याच्यावर बरीच भाषणं उभी आहेत. ‘झाड म्हणजे स्पंज, झाडं लावा म्हणजे नद्यांना पाणी येईल’, हे शाळेच्या निबंधात ठीक आहे. झाड पाणी पितंही. भरपूर पितं. उघड्या माळावर पडलेल्या पावसाचा जेवढा भाग वर्षभरात नदीत जातो, त्याहून कमी भाग जंगलातून जातो. मग जंगलाचा फायदा काय? जगदीश कृष्णस्वामी, मायकेल बोनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पश्चिम घाटात, पण कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागात, शेजारशेजारचे छोटे पाणलोट निवडून मोजमापं केली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. एका पाणलोटात चांगलं जंगल, एकात तोडून-चरून विरळ झालेलं रान, एकात बाभळीच्या जातीची लागवड. विरळ रानातून पावसाचं पाणी जास्त वाहून गेलं, पण ते पावसाळ्यातच. जंगलात ते जास्त मुरलं. लागवडीचा आकडा या दोघांच्या मधे. म्हणजे झाडानं प्यायलेलं पाणी वजा करूनही, माती जिथे शाबूत आहे तिथे ओढा उशिरापर्यंत वाहतो. नदीचं वर्षाचं एकूण पाणी वाढत नाही. ते जुलैतून उचलून थोडंसं जानेवारी-फेब्रुवारीत ठेवलं जातं. ज्या प्रदेशात अडीच हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात, तिथे पाणी किती यापेक्षा ते कधी येतं याला मोल आहे. अभियंता हेच काम धरण बांधून करतो.

तरीही जंगल बारवीची जागा घेऊ शकत नाही. पन्नास लाख माणसांची तहान ओढ्यांच्या झिरपण्यावर भागणार नाही, आणि असं सांगणाऱ्या पर्यावरणवाद्यांशी माझं पटत नाही. पण बारवी किती वर्षं बारवी राहील, तिच्यात पाण्याऐवजी गाळ किती साठेल, हे तिच्या डोक्यावरचं रान ठरवतं.

आणि नळातून येणाऱ्या पाण्याचा रंगही. जुलैत मोठा पाऊस झाला की नदीला गढूळ पाणी येतं. मग शुद्धीकरण केंद्रात तुरटी वाढवावी लागते, गाळणीचे थर लवकर तुंबतात, ते पुन्हा पुन्हा उलटे धुवावे लागतात, धुताना पाणीही वाया जातं आणि शहराला कमी दाबानं पुरवठा होतो. वर्तमानपत्रात चौकट येते: पाणी उकळून, गाळून प्या. आमच्या घरी लहानपणी आई नळाच्या तोंडाला धुतलेल्या धोतराचा तुकडा बांधायची. संध्याकाळी तो सोडला की त्यावर तांबड्या मातीचा एक पातळ पापुद्रा जमलेला असे. तो कर्जत किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुणाच्या तरी शेताच्या बांधावरचा, कुठल्या तरी जळलेल्या उतारावरचा होता, हे कळायला मला तीस वर्षं लागली. बाहेर सगळीकडे धो-धो पाऊस आणि घरात प्यायला पाणी नाही, ही गंमत फक्त आपल्याकडेच होते असं तेव्हा वाटायचं.

पाण्याचं आणि त्याच्या वरच्या रानाचं हे नातं मुंबईनं दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं, आणि त्याची खूण ठाण्याच्या उशाशी आहे. १८५४ च्या टंचाईनं बेट हादरलं. हेन्री कॉनीबेअरच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं, १८६० मध्ये ते पुरं झालं. १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. तलावाचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्याच्या पाणलोटात वस्ती-शेती नको, हा नियम तेव्हापासूनचा. आज बोरिवली ते येऊरपर्यंत पसरलेलं शंभरहून जास्त चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपण बिबट्यांसाठी ओळखतो. पण त्याच्या पोटात विहार आणि तुळशी आहेत, आणि त्या पाणलोटांना राखण्याची सवय नसती तर या महानगराच्या मधोमध हे रान उरलं असतं असं मला वाटत नाही. तानसाचंही तसंच. तलावाभोवतीचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं, आणि २०१४ मध्ये तिथे रानपिंगळा दिसला, जो पक्षी एके काळी नामशेष झाला असं समजलं जात होतं. पाण्यासाठी राखलेल्या रानात घुबड वाचलं.

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती फार छान वाटते. पण त्या रानातून कुणाला उठवलं गेलं हेही सांगायला हवं. ठाणे जिल्ह्यातलं जंगल रिकामं कधीच नव्हतं. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची ती घरं, आणि भात पिकवणाऱ्या कुणब्यांचा राब तिथून यायचा. राब म्हणजे ऐनाच्या डहाळ्या, पातेरा, गवत आणि शेण यांचे थर वाफ्यावर रचून उन्हाळ्यात भाजणं, मग त्यात भाताचं रोप टाकणं. सरकारनं जंगल राखीव केलं आणि डहाळी तोडायलाही बंदी आली तेव्हा ठाणे-कुलाब्यात इतका असंतोष माजला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला. गंमत अशी की शेतकऱ्याला डहाळी तोडायला बंदी असताना याच डोंगरांतला कोळसा मुंबईच्या चुलींना जात होता. तो पाडायला कातकरी, विकायला व्यापारी, आणि जंगलाचा नाश कुणी केला असं विचारलं की बोट पुन्हा कातकऱ्याकडेच.

त्या जुन्या हिशोबाची आजची बाकी शहापूर तालुक्यात बघायला मिळते. भातसा तिथे, तानसा तिथे, मुंबई आणि ठाण्याचं पाणी तिथून निघतं, आणि दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात. जलवाहिनीच्या शेजारून डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या बायकांचं छायाचित्र इतक्या वेळा छापून आलंय की ते आता कुणाला दिसत नाही. बारवीची उंची वाढली तेव्हाही घरं-शेतं पाण्याखाली गेली. तिथे मात्र एक वेगळी गोष्ट घडली, जिच्याकडे मला या प्रस्तावनेत लक्ष वेधायचं आहे: विस्थापित कुटुंबातल्या एकाला, पाणी घेणाऱ्या शहरांच्या महापालिका-नगरपालिकांत आणि महामंडळात नोकरी द्यायचं ठरलं. ते किती रेंगाळलं, किती भांडून मिळालं, हा वेगळा विषय. पण पाणी पिणाऱ्या शहरानं पाणी देणाऱ्या डोंगराला काहीतरी थेट द्यायचं असतं, हे तत्त्व आपल्या जिल्ह्यात एकदा कागदावर आलेलं आहे. ते फक्त माणूस बुडाल्यावर लागू झालं. रान राखल्याबद्दल अजून कुणाला काही मिळालेलं नाही.

उलट शहराची तहान वाढली की आपल्याला एकच उत्तर सुचतं, ते म्हणजे आणखी एक धरण. मुरबाड तालुक्यातलं काळू धरण घ्या. वनमंजुरी नसताना त्याचं काम सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं काम थांबवलं. सुमारे हजार हेक्टर वनजमीन त्याखाली जाणार होती. वाड्याकडचं गारगाई धरण मुंबईला दिवसाला ४४० दशलक्ष लिटर देणार आणि तानसा अभयारण्यातली लाखो झाडं घेणार. हे प्रकल्प मधेच मागे पडतात, पुन्हा पुढे येतात. त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. घोडबंदर रस्त्यावर आणि कल्याणच्या शिळफाट्याकडे उभे राहत असलेले मनोरे पाहिले की अभियंत्याची झोप का उडते ते कळतं. पण ज्या रानामुळे पाणी उरतं तेच पाण्यासाठी बुडवायचं, यात घराचे वासे विकून छपराला कौलं आणण्यासारखं काहीतरी आहे.

बरं, मग झाडं लावायची का? लावली की. राज्यानं २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचे संकल्प सोडले. आपल्या भागातलं सगळ्यात मोठं दृश्य २०१७ च्या जुलैत अंबरनाथजवळ मांगरूळच्या डोंगरावर दिसलं. हजारो माणसं, विद्यार्थी, एका दिवसात एक लाख रोपं. मी त्या उत्साहाची टर उडवणार नाही. मुलांनी हातानं खड्ड्यात रोप ठेवलं ही चांगलीच गोष्ट. पण पुढे तिथे आगी लागल्या आणि हजारो रोपं जळाली. वणवा आपोआप लागत नाही. कुणी कोवळं गवत यावं म्हणून लावतं, कुणी मोहाची फुलं वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून, कुणी सशाच्या मागे, कुणी जमीन बळकावायला, आणि कुणी बिडी विझवायची विसरतं.

लागवडीत आणखी एक अडचण आहे. रोपवाटिकेत जे लवकर वाढतं ते डोंगरावर जातं: गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ. जूनमध्ये हिरवं दिसतं, छायाचित्र चांगलं येतं. खाली मात्र गवत-झुडूप फारसं उगवत नाही, आणि ऑस्ट्रेलियन बाभळीला तर गुरं तोंड लावत नाहीत, तिचा पातेराही लवकर कुजत नाही. माळावर एकेरी रांगेत उभी असलेली झाडं पाहून मला नेहमी परेडची आठवण येते.

या संग्रहाचं सगळ्यात मोलाचं म्हणणं इथे आहे, आणि ते अगदी साधं आहे. सह्याद्रीच्या या उतारांवर जंगल अजून मेलेलं नाही. ते जमिनीखाली आहे. ऐन, साग, किंजळ, धावडा तोडले तरी खुंटातून फुटतात. पन्नास वर्षं दरवर्षी तुटत, जळत, चरत राहिलेलं ऐनाचं खोड जमिनीवर गुडघाभर झुडूप दिसतं, पण त्याच्या मुळ्या अर्धशतकाच्या असतात. त्याला फक्त चार-पाच वर्षं आगीपासून आणि कोयत्यापासून वाचवलं, दहा फुटव्यांपैकी दोन सरळ ठेवून बाकीचे छाटले, तर ते पुरुषभर उंच होतं. लावलेल्या रोपाला एवढी वाढ करायला कितीतरी जास्त वर्षं लागतात, आणि त्याला पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार हा प्रश्न असतोच. कारवीही अशीच. तिचं जाळं उतारावरची माती धरून ठेवतं, ती आठेक वर्षांनी एकदा फुलते, आणि तिला कुणी लावावं लागत नाही. रोपं जिथे लावायची तिथे लावावीतच, जिथे खरोखर खडक उघडा पडलाय आणि खुंटही शिल्लक नाही तिथे. पण आधी जे आहे त्याला वाढू द्यावं.

याचा खर्च कशावर होतो? माणसांवर. डिसेंबरात गवत कापून जाळरेषा काढायच्या, फेब्रुवारी ते मे पहारा ठेवायचा, आग दिसली की ओल्या फांद्या घेऊन धावायचं, कुठल्या वर्षी कुठल्या बाजूला गुरं जाणार नाहीत हे बैठकीत ठरवायचं. हे काम ठाण्याच्या कार्यालयातून होत नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं ते करून दाखवलं. नव्वदच्या दशकात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी स्वतःच कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवले, पहारे लावले. शेकडो हेक्टर रान उभं राहिलं, आटलेल्या विहिरींना पाणी आलं. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्यात आपल्याहून पाऊस कितीतरी कमी. मुरबाड-शहापूरला तो तिप्पट-चौपट पडतो आणि तरी आपण टँकर मोजतो.

वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्यात गावाला आपल्या पारंपरिक जंगलाचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. सामूहिक वनहक्काचे दावे आपल्याकडेही झाले. म्हणजे रान राखणारी ग्रामसभा कायद्यात उभी आहे, पाणी पिणारं शहर नदीच्या खालच्या टोकाला उभं आहे, आणि या दोघांना जोडणारा कागद तेवढा नाही.

जगात असे कागद आहेत. टोकियोनं १९०१ पासून तामा नदीच्या वरच्या अंगाचं उजाड झालेलं जंगल स्वतःच्या ताब्यात घेऊन राखलं, आणि आजही पाणीपुरवठा विभाग ते सांभाळतो. न्यूयॉर्कनं १९९७ मध्ये कॅटस्किल डोंगरांतल्या गावांशी करार केला: अब्जावधी डॉलरचं गाळणी केंद्र बांधण्यापेक्षा त्याच्या एका हिश्शात वरची शेतं, ओढे आणि जंगलं नीट ठेवायला गावांना पैसे देणं स्वस्त पडलं. आपल्यासाठी मात्र हिमाचलमधलं पालमपूर जास्त कामाचं आहे. तिथल्या नगरपरिषदेनं २०१० मध्ये बोहल झऱ्याच्या वरच्या गावांशी करार केला की तुम्ही झऱ्यावरचं रान जपा, आम्ही दरवर्षी पैसे देऊ. रक्कम छोटी. पण नगरपरिषदेच्या जमाखर्चात जंगलाचं खातं उघडलं.

आपल्याकडे असं खातं उघडलं तर? मी एकदा रिकाम्या वेळात हिशोब मांडला. एकट्या ठाणे शहराच्या ५८५ दशलक्ष लिटरवर हजार लिटरला दहा पैसे धरले तर दिवसाला साडेअठ्ठावन्न हजार रुपये होतात, वर्षाला दोन कोटी तेरा लाख. दिवसाला सहाशे लिटर वापरणाऱ्या घराला वर्षाकाठी बावीस रुपये पडतील, म्हणजे साधारण एका वडापावाचे. दोन कोटींत किती पहारेकरी, किती जाळरेषा, किती ग्रामसभा, हे गणित या संग्रहातल्या लेखकांनी माझ्यापेक्षा नीट मांडलंय. एका मुद्द्यावर माझा त्यांच्याशी मतभेद आहे. हा पैसा वनखात्यामार्फत जावा असं त्यांच्यातल्या एकाला वाटतं. मला तो थेट ग्रामसभेच्या खात्यात जायला हवा असं वाटतं, कारण तिथेच उन्हाळाभर जागणारी माणसं राहतात. वाचकानं दोन्ही बाजू वाचाव्यात.

वाटतं तितकी ही कल्पना परकी नाही. येऊरच्या पलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ब्राह्मी लेखांत त्यांना पोढी म्हटलंय. डोंगरावर पडणारा पाऊस कोरलेल्या पन्हळींतून त्यांत उतरायचा आणि भिक्षूंना वर्षभर पुरायचा. त्यातली एक पोढी कल्याणच्या एका सोनारानं दान दिली आहे, असं लेखच सांगतो. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी गोष्ट. बंदरात पैसा कमावणाऱ्या कल्याणकरानं डोंगरातल्या पाण्यावर तो खर्च केला आणि त्याची पावती दगडात कोरून ठेवली. ठाण्याच्या पोखरण रस्त्यांना ज्याचं नाव आहे तो तलावही एके काळी ठाण्याला पाणी देत होता, येऊरच्या पायथ्याला साठलेलं. आज त्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या किती जणांना पोखरण हे राजस्थानातलं नसून आपल्याच शहरातलं एक तळं आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

गेल्या जुलैत मुरबाड तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. आदल्या रात्री पाऊस झोडपून गेला होता. गावाच्या वर एक देवराई आहे, चार-पाच एकरांची, देवाच्या भीतीनं उरलेली. तिच्या शेजारचा उतार मार्चमध्ये जळलेला होता, त्यावर आता पोपटी गवत आलं होतं आणि लांबून तोही सुंदर दिसत होता. दोन्हीकडून एकेक ओहोळ खाली येत होता. जळलेल्या उताराचा दूध घातलेल्या चहासारखा, भरभरून, आवाज करत. देवराईतला बारीक, आणि त्यात तळाचे खडे मोजता येत होते. मी दोन बाटल्या भरून घेतल्या. बरोबरच्या ठाकर बाईंनी विचारलं, ही गढूळ कशाला नेतोस रं? मी म्हटलं, घरी दाखवायला. त्या हसल्या.

गावाच्या खाली एका उंबराजवळ हे दोन ओहोळ एकत्र येतात. थोडा वेळ, वीसेक पावलं, मधोमध एक रेघ दिसते, एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला काळसर निवळ पाणी. मग ती पुसट होते. त्यापुढे सगळं लालच, आणि ते तसंच काळूकडे उतरतं.